पायात न सापडणारा खडा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात औषधपेटी सांभाळणाऱ्या मंडळींच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)

रामकृष्ण हरी.



शंभर वर्षांच्या सोहळ्यात आम्हाला बोलायला उभं केलं, हा तुमचा मोठेपणा. आम्ही कीर्तनकार नाही. निरूपण आम्हाला जमायचं नाही. आम्ही पाच जण आहोत. दोन डॉक्टर, एक नर्सताई, एक औषधदुकानदार आणि गाडी चालवणारे एक दादा. दिंडीची औषधपेटी गेली बावीस वर्षं आमच्याकडे आहे. माईकपुढे एक जण उभा असला तरी बोलणं पाचांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

मालक म्हणाले, "पायाबद्दल बोला. वारी पायांवर चालते, आणि पायाबद्दल कोणी बोलत नाही." खरं आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. रोज संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती झाली की आमच्या पेटीपुढे रांग लागते, आणि त्या रांगेत निम्म्याहून जास्त तक्रारी पायाच्या. फोड, भेगा, भोवरी, टाच, गुडघा. बहुतेकांना मलमपट्टी पुरते. पण आज आम्ही त्यातल्या एका दुखण्याबद्दल सांगणार आहोत, कारण त्यात आमची चूक झाली होती. ती शंभराव्या वर्षी कबूल करून टाकावी असं पाचांनी ठरवलं.

आपल्या दिंडीतले एक विणेकरी बुवा. नाव घेत नाही. ते समोरच बसले आहेत, आणि सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बुवा चालता चालता मधेच थांबायचे. वीणा शेजारच्याच्या गळ्यात द्यायचे, रस्त्याच्या कडेला बसायचे, बूट काढून उपडा करून झटकायचे. आत खडा नसायचा. मोजा उलटा करायचे. त्यातही काही नसायचं. बोटांच्या मागचा तळवा जरा चोळला की बरं वाटायचं. पुन्हा उठायचे, पुन्हा मैलभरानं तेच.

आम्ही हसलो, माउली. "बुवांच्या बुटात कायमचा खडा आहे," म्हणालो. संध्याकाळी त्यांना दुखण्याची गोळी दिली आणि सांगितलं, "वय झालं बुवा, थकवा आहे." दुसऱ्या वर्षीही गोळी दिली. तिसऱ्या वर्षी गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडलं, मग पोटाची गोळी दिली. तीन वर्षांत त्यांचा पाय हातात घेऊन, बोटांच्या मधे दाबून आम्ही एकदाही पाहिलं नाही.

चौथ्या वर्षी प्रस्थानाला बुवा आले नाहीत. निरोप आला, "पेरणीची गडबड आहे." बुवांच्या घरात तीन पिढ्यांची वारी. वडील वारले त्या वर्षीसुद्धा सुतक फिटल्यावर वाटेत येऊन मिळालेला हा माणूस. तो पेरणीसाठी वारी सोडेल? आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. कार्तिकीला त्यांच्या गावी गेलो तेव्हा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "डॉक्टर, पेरणीचं खोटं सांगितलं. पाय जाळतो. दोन बोटांत विजेचा झटका बसतो. वाटलं, देवानंच आता पुरे म्हटलं असेल."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्यांचा पाय मांडीवर घेतला. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या हाडांमधली जागा अंगठ्यानं दाबली, तसे ते ओरडले. दुसऱ्या हातानं चवडा दोन्ही बाजूंनी आवळला, तर आत काहीतरी टिकदिशी सरकलेलं हाताला लागलं. दोन बोटांच्या आतल्या बाजूला बधिरपणा होता. हे सगळं जुळून आलं तर ते दुखणं बहुधा एकच असतं. त्याला डॉक्टर लोक 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतात.

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा चवड्याच्या हाडांच्या मधून, एका पट्ट्याखालून जातात. अरुंद बुटात चवडा आवळला, त्यात मैलोन् मैल चालणं झालं, की नस तिथे रोज चेपते, घासते. जू घासून बैलाच्या खांद्याची कातडी जाड होते ना, तसं त्या नसेभोवतीचं आवरण जाड होत जातं. मग पाऊल टाकलं की जाड झालेली नस हाडांमधे चिमटते, आणि माणसाला वाटतं, खडा रुतला. आपल्या दिंडीत कोणी तरी म्हणालं, "गाठ म्हणजे कॅन्सर असेल." नाही. नावात 'ओमा' असलं तरी हा कॅन्सर नाही.

हे दुखणं नवीनही नाही. १८४५ साली इंग्लंडमधे ड्यूरलाकर नावाचे गृहस्थ होते, राजघराण्यातल्या लोकांच्या पायांची निगा राखणारे, भोवऱ्या काढणारे. त्यांनी याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे १८७६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉक्टर मॉर्टन यांनी लिहिलं, आणि नाव त्यांचं पडलं. भोवरी काढणाऱ्यानं आधी पाहिलं, कारण तो रोज पाय हातात घेत होता. आमच्यासाठी धडा तोच आहे.

आता आमची दुसरी चूक. बुवांच्या पायात जे बूट होते, ते आम्हीच वाटलेले. एका दात्यानं मोठ्या मनानं कॅनव्हासचे बूट दिले होते. पावसात, गर्दीत, ज्याच्या हाताला जो जोड लागला तो त्यानं घेतला. बुवांना एक नंबर लहान मिळाला. दानाची वस्तू बदलून मागायची कशी, म्हणून त्यांनी तोच घातला. भिजलेला, आवळलेला बूट घालून माणूस गळ्यात वीणा घेऊन दिवसभर चालला आणि रात्री पहाऱ्याला उभा राहिला. दुखणं केवळ त्या बुटानंच सुरू झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्यानं ते वाढवलं हे नक्की.

मग उपचार. पहिला उपचार सुई नाही, माउली. पहिला उपचार म्हणजे पुढून रुंद, बोटं मोकळी राहतील असं पायताण. दुसरा, चवड्याच्या हाडांच्या जरा मागे बसणारी छोटी मऊ गादी. ती दुखऱ्या जागेच्या खाली ठेवायची नसते, मागे ठेवायची, म्हणजे हाडं थोडी फाकतात आणि नसेला जागा होते. बुवांनी दोन-अडीच महिने हे केलं. फरक पडला, पण शेताच्या बांधापर्यंत जाण्याइतकाच. पंढरपूरपर्यंतचा नाही.

तेव्हा आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी घेऊन गेलो, सोनोग्राफी पाहून सुई देणाऱ्या डॉक्टरांकडे. वाटेत बुवा गप्प होते. शेवटी म्हणाले, "पायात सुई घेतली की पाय लुळा पडतो म्हणतात." ही भीती तुमच्यापैकी अनेकांना आहे, म्हणून तिथे काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

बुवांना टेबलावर निजवलं. पाय औषधानं स्वच्छ पुसला. सोनोग्राफीचं यंत्र, पोटावर फिरवतात तेच, पण पायासाठी बारीक. ते चवड्यावर धरलं आणि पडद्यावर दोन हाडांमधे एक काळपट गाठ दिसली. बुवांनी स्वतः पाहिली. म्हणाले, "हा बघा माझा खडा!" चार वर्षं जो बुटात सापडला नाही, तो तिथे सापडला. मग पायाच्या वरच्या बाजूनं, तळव्यातून नाही, दोन हाडांच्या मधून बारीक सुई घातली. सुईचं टोक पडद्यावर दिसत होतं, त्यामुळे औषध नेमकं गाठीच्या जागी पडलं. औषध म्हणजे दोन गोष्टी. एक, बधिर करणारं, दात काढताना देतात त्या जातीचं. दुसरं, सूज उतरवणारं स्टेरॉइड. सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं. चिरफाड नाही, टाके नाहीत, खाटेवर राहणं नाही. बुवा स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही पुन्हा सांगतो. एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, घाबरायचं नाही. दोन-तीन दिवस लांब चालायचं नाही. साखरेचा आजार असेल तर काही दिवस साखर वाढते, तपासत राहायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं, लपवायचं नाही. पायाला जखम किंवा पू असेल तर ती बरी होईपर्यंत ही सुई द्यायची नाही. सुईनंतर लाली, ताप, वाढती सूज आली तर लगेच परत यायचं. आणि दर दुखण्याला सुई असं करायचं नाही. हे औषध पुन्हा पुन्हा दिलं तर तळव्याखालची चरबीची गादी झिजते, कातडी पातळ आणि पांढरट होते. त्या गादीवरच तर आपण चालतो.

आता तुम्ही विचाराल, गुण येतो का? स्कॉटलंडमधे एडिंबरोच्या डॉक्टरांनी याची नीट परीक्षा केली होती. ती २०१३ साली छापून आली. १३१ रुग्ण होते. काहींना स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध मिळून दिलं, काहींना नुसतं बधिर करणारं. कोणाला काय दिलं ते रुग्णाला माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी स्टेरॉइड मिळालेल्यांचे पाय जास्त बरे होते. पण सगळेच बरे झाले नाहीत, आणि सगळ्यांचं बरेपण टिकतंच असं नाही. कोणाला एका सुईत सुटका मिळते, कोणाला काही महिने, कोणाला काहीच नाही. ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी सुईच्या टोकाला उष्णता देऊन नस शांत करण्याची रीत आहे, आणि शेवटी शस्त्रक्रिया करून ती गाठ काढता येते. त्यात त्या दोन बोटांमधला भाग बहुतेक कायमचा बधिर राहतो. काही ठिकाणी अल्कोहोल असलेलं औषध थोड्या थोड्या दिवसांनी देतात, त्याबद्दल डॉक्टरांत अजून एकमत नाही. हे ऐकून एक माळकरी काका आमच्यावर उखडलेच, "म्हणजे दारू टोचता का?" काका, ते प्यायचं नाही, नस बधिर करायचं औषध आहे. तरी मनाला पटत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. तो काही एकच रस्ता नाही.

बुवांचं काय झालं? पहिल्या सुईनं जळजळ बरीच कमी झाली. चार महिन्यांनी थोडी परत आली, तेव्हा दुसरी दिली. त्या आषाढीला बुवा प्रस्थानाला हजर होते. पायात रुंद चपला, आत ती गादी. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, वर दिवे घाट आणि एकादशीचा उपास. तेवढा एक दिवस आम्ही त्यांना हट्टानं गाडीत बसवलं. ते रडले. बाकीची वाट चालले. मालकांनी वीणेसाठी दोघांची पाळी लावून दिली, तासाला एक. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं तेव्हा बुवा वीणा घेऊन उभे होते आणि बूट झटकत नव्हते. आजही त्यांची दोन बोटं थोडी बधिर आहेत. पूर्ण बरे झाले असं आम्ही म्हणणार नाही. चालते झाले.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण त्याच वारीत, तरडगावच्या मुक्कामाला, आमच्या पेटीपुढे नऊ जण येऊन बसले. "आम्हालाही बुवांचं इंजेक्शन द्या."

आम्ही या वेळी शहाणे झालो होतो. नऊंचेही पाय हातात घेतले. चौघांची टाच दुखत होती. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ, मग चालल्यावर कमी. तो तळव्याच्या पट्ट्याचा त्रास, नसेचा नाही. त्याला पोटरी ताणायचा व्यायाम आणि मऊ टाचेचं पायताण. एकाला भोवरी होती. एका दादांची कळ कमरेतून निघून पायात उतरत होती. दुखणं पायात, मूळ कमरेत. पायात सुई टोचून काय होणार? एका ताईंचे दोन्ही तळवे रात्री जळायचे, अंगात त्राण नसायचं. तपासणीत बी-१२ फार कमी निघालं. आपण शाकाहारी माणसं, त्यात दूधही कमी घेतलं, किंवा साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असली, की हे होतं. त्यावर साधा उपाय आहे. बुवांसारखं दुखणं नऊ जणांत एकाच बाईंना निघालं. आणि नवव्या होत्या आपल्या तुळशीवाल्या आजी.

खरं तर आजी सुईसाठी आल्याच नव्हत्या. सुनेबरोबर नुसत्या बसल्या होत्या. त्या उठून गेल्या तेव्हा नर्सताईंना सतरंजीवर ओला ठसा दिसला. रक्त होतं. आजींना परत बोलावलं. तळव्यात काचेचा तुकडा, कधीचा कोण जाणे, आणि भोवती डांबरी रस्त्याच्या उन्हानं भाजलेली कातडी. "आजी, दुखत नाही का?" तर आजी हसून म्हणाल्या, "न्हाई गं बाय. माज्या पायाला काई लागतच न्हाई. पांडुरंगाची किरपा."

माउली, ती कृपा नव्हती. आजींना साखरेचा आजार होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता. साखरेनं दोन्ही पायांच्या नसा मुक्या केल्या होत्या. आम्ही त्यांना त्याच रात्री गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. बुवांच्या पायानं चार वर्षं आरडाओरडा केला आणि आम्ही ऐकलं नाही. आजींचा पाय तर ओरडूच शकत नव्हता. दोघांपैकी जास्त धोक्यात कोण होतं, हे आम्हाला त्या सतरंजीवर कळलं.

म्हणून ही सुई कोणासाठी, हे नीट लक्षात ठेवा. एकाच पायात, एका ठरावीक जागी, दाबल्यावर नेमकी तिथेच कळ येणारं नसेचं दुखणं असेल, तर त्या जागी सुईचा उपयोग होऊ शकतो. चवड्यात असेल, तसं कधी घोट्याच्या आतल्या हाडामागेही नस चेपते, तिथेही. पण दोन्ही पाय, मोजा घातल्यासारखे, बोटांपासून वर वर बधिर होत असतील किंवा रात्री जळत असतील, तर तिथे सुई टोचायला जागाच नाही. तिथे रक्त तपासायचं, साखर आवरायची, पोटात घ्यायची औषधं डॉक्टरांकडून घ्यायची. अंगावर फिकट, न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं. औषध मोफत मिळतं, रोग बरा होतो, लाज धरायची नाही.

कोणी म्हणालं, "मशीन दिंडीतच आणा, मुक्कामावरच सुई द्या." तेही नको. सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी झालेल्या जागीच वापरावं असा कायदा आहे, लेकींच्या जिवासाठी केलेला. आणि चिखलात, पालात, धुळीत पायात सुई घालणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. शिवाय सुई घेऊन दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर चालायचं नसतं. हे काम वारीच्या आधीचं आहे.

तर शंभर वर्षं पुरी करून दिंडी पुढे निघते आहे, तेव्हा आमचं तीन गोष्टींचं मागणं आहे.

पहिलं, गुढीपाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांत प्रत्येकानं पाय दाखवावेत. आम्ही गावोगाव येऊ. तेव्हा काही निघालं तर प्रस्थानापर्यंत उपचाराला वेळ मिळतो. घरच्या घरी एक परीक्षा करा. डोळे मिटून निजा. घरच्या माणसानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकेच बोट लावावं, दाबू नये. अशा सहा जागा. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टर गाठा. आणि अशा माणसानं अनवाणी चालू नये. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर महाराजांना विचारा. मालकांनी आमच्या देखत सांगितलं आहे की पायात वहाण घातल्यानं वारी बाटत नाही.

दुसरं, बूट वाटायचे तर मापानं वाटा. दात्यांना आधी नंबरांची यादी देऊ. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभर चालून पाय फुगतो.

तिसरं, बोला. दुखणं सांगितलं म्हणजे भक्ती कमी पडली असं नाही. बुवांनी पेरणीचं खोटं कारण सांगितलं, कारण खरं सांगितलं तर आम्ही पुन्हा हसू असं त्यांना वाटलं. त्याचा दोष बुवांचा नाही, आमचा आहे. बुवा, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

आजीही इथे आहेत, पुढच्या रांगेत. त्यांच्या पायात मऊ बंद चपला आहेत. रोज रात्री सून त्यांचे तळवे दिव्याजवळ धरून पाहते. आता त्या पालखीबरोबर पूर्ण वाट चालत नाहीत. वाखरीपासून चालतात, तुळस डोईवर घेऊन. मागच्या वर्षी आम्ही विचारलं, "आजी, वाईट वाटतं का?" म्हणाल्या, "इठ्ठल उभाच हाय की. तेवढं चालते."

यंदा प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळी आमची पेटी उघडी असेल. औषध घ्यायला यायची गरज नाही. नुसते पाय दाखवायला या. आम्ही खाली बसून पाहू.

रामकृष्ण हरी.